रेझ्युमे बिल्डर वापरताय? आधी डाउनलोडचं बटण दाबून पाहा

रेझ्युमे बिल्डर म्हणजे रेझ्युमे बनवून देणारी साइट. तिच्यामुळे मांडणीची कटकट वाचते, एवढंच. मजकूर तुम्हालाच लिहायचा असतो, आणि तो थेट साइटवर लिहायला बसलं की बिघडतो, कारण समोर रिकामी चौकट दिसली की माणूस ती भरण्यापुरतंच लिहितो. म्हणून आधी वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये सगळं उतरवा: कुठे काम केलं, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, रोज काय करायचात, त्यात आकडे कोणते. मग साइट उघडा.

'फ्री' म्हणवणाऱ्या बऱ्याच साइट तासभर माहिती भरून घेतात आणि पीडीएफ मागितली की कार्ड किंवा यूपीआय पुढे करतात. फुकट हातात पडते ती साधी टेक्स्ट फाइल. त्यामुळे सुरुवातीलाच नाव आणि एक ओळ टाकून डाउनलोड करून बघा, दोन मिनिटांत साइटचा रंग कळतो. स्वस्तातली 'ट्रायल' घेतलीच असेल, तर तिच्यामागे बहुधा ऑटोपे लागलेलं असतं. काम झाल्याबरोबर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून ते रद्द करा. साइटवरचं खातं बंद केलं म्हणजे मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) सुटलं असं नाही. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते खरी, पण बँकेच्या मेसेजच्या ढिगात ती वाचतो कोण?

खरं तर गूगल डॉक्समधले फुकटचे टेम्प्लेट बहुतेकांना पुरतात.

टेम्प्लेट एका कॉलमचा घ्या. कॅनव्हावरचे रंगीत, दोन कॉलमचे नमुने देखणे असतात, पण रेझ्युमे माणसाच्या आधी अनेकदा सॉफ्टवेअर वाचतं. नोकरीच्या पोर्टलचं किंवा कंपनीचं एटीएस, म्हणजे अर्ज छाननारं सॉफ्टवेअर, त्यातला मजकूर उपसून स्वतःच्या रकान्यांत भरतं. दोन कॉलम असले की डावी-उजवी ओळ एकत्र होऊन 'टॅली प्राइम कल्याण जून २०२२' असा काला होऊ शकतो. फोन नंबर हेडरमध्ये टाकला असेल तर काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत, मग उमेदवार पसंत पडूनही फोन कुठे करायचा? कौशल्यांपुढच्या चांदण्या आणि 'एक्सेल ८०%' च्या पट्ट्याही काढा. ८० टक्के म्हणजे नेमकं काय येतं? त्यापेक्षा 'पिव्हट टेबल, व्हीलुकअप' लिहा.

फाइल तयार झाली की ती उघडून सगळा मजकूर सिलेक्ट करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जो क्रम दिसेल, साधारण तसाच तो मशीनला दिसतो. काहीच सिलेक्ट होत नसेल तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे. कॅनव्हात 'फ्लॅटन पीडीएफ' वर टिक राहिली की असं होतं. एका पानाची फाइल ३-४ एमबीची निघाली तरी तोच संशय घ्या.

नावाच्या रकान्यात आपल्याकडे हमखास घोळ होतो. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आणि ते पाहून भरलं की 'पाटील' हे पहिलं नाव होऊन बसतं. मग एचआरचा मेल 'डिअर पाटील' असा येतो. रकाना बघून भरा आणि स्पेलिंग पॅन कार्डावरचंच ठेवा, पुढे कागदपत्रं पडताळताना ते कामी येतं.

पत्त्यात इमारत, विंग, मजला नको. 'डोंबिवली पूर्व' एवढं बस. मुंबईत ते मात्र लिहाच, कारण विरारचा माणूस रोज ऐरोलीला कसा येणार, हा हिशोब एचआर मनातल्या मनात करतेच. जागा बदलायची तयारी असेल तर तेही एका ओळीत सांगा. आधार नंबर, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती हे रकाने रिकामे सोडा; हा लग्नाचा बायोडेटा नाही.

सगळ्यात जास्त वेळ अनुभवाच्या ओळींना द्या. समजा, मस्जिद बंदरच्या एका होलसेल पेढीत अकाउंट्स बघितलेत. बिल्डर तयार वाक्य सुचवतो: 'रिस्पॉन्सिबल फॉर अकाउंट्स अँड जीएसटी वर्क'. यातून कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: टॅली प्राइममध्ये रोज ६०-७० खरेदी बिलांची एंट्री, दर महिन्याला जीएसटीआर-२बीशी बिलांची मिळवणी, जीएसटीआर-१ चा डेटा ११ तारखेच्या आत सीएकडे. रेझ्युमे इंग्रजीत असला तरी आशय हाच ठेवा. मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळतं, आणि उत्तर तुमच्याकडे असतं. एआयने सुचवलेलं 'डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल' मात्र पुसून टाका. 'म्हणजे नेमकं काय केलंत?' असं कुणी विचारलं की तिथेच अडखळायला होतं.

बऱ्याच साइट अमेरिकी पद्धतीच्या असतात. कागद 'लेटर' असेल तर 'ए४' करा, नाहीतर प्रिंटमध्ये समास हलतात. तारखा आकड्यांत देऊ नका: ०५/०६/२०२३ म्हणजे ५ जून की ६ मे? 'जून २०२३' लिहा. वॉक-इन मुलाखतीला जाणार असाल तर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून एक काळी-पांढरी प्रत काढून बघा. स्क्रीनवर नाजूक दिसणारी करडी अक्षरं कागदावर जवळपास गायब होतात.

फाइलला नाव आणि पद द्या, 'फायनल-फायनल-३' नको. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर ती चढवली की आपोआप भरलेले रकाने एकेक करून वाचा. एकूण अनुभवाचा आकडा आधी तपासा. चालू नोकरीपुढे 'प्रेझेंट' लिहायचं राहिलं, तर पोर्टल ती संपलेली धरू शकतं, आणि तीन वर्षांच्या अनुभवाचा माणूस फ्रेशरच्या यादीत जाऊन बसतो.