ऊसपट्ट्यातल्या रस्त्यासाठी निधी मागण्यापूर्वी

निवेदन लिहायच्या आधी रस्त्याचा क्रमांक शोधा. महाराष्ट्रात राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. रस्ते विकास योजनेत क्रमांक नसलेल्या रस्त्याची फाइल सहसा पुढे सरकत नाही. तेव्हा आधी ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन क्रमांकाचा प्रस्ताव करून घ्या.

मग लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते. 3054 मधून दुरुस्ती होते, नवीन बांधकाम किंवा रुंदीकरण 5054 मधून. पाया खचलेल्या रस्त्याला 3054 मधले डांबर म्हणजे पैसे मातीत. मागणी स्पष्टपणे 5054 ची करा. रस्ता बसत असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजना चांगली, कारण बांधणाऱ्या ठेकेदारावरच 5 वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के उचलते. मात्र या योजनेतून भूसंपादनाला पैसे मिळत नाहीत. बांधावरची जागा कोण सोडणार, हे प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच लेखी ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे: वाहनांची मोजणी गाळप हंगामातही व्हायलाच हवी, आणि रात्रंदिवस. ऊस रात्रीही वाहिला जातो. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान साधारण 16 पट होते. त्यामुळे फक्त जुलैतल्या मोजणीवर ठरवलेली रस्त्याच्या थरांची जाडी पहिल्याच हंगामात फसते.

माती काळी असेल तर सीबीआर चाचणी (मातीची भार पेलण्याची ताकद मोजणारी) नमुना 4 दिवस पाण्यात भिजवून केलेली आहे का, हे विचारा. कोरडा आकडा फसवा असतो. भिजल्यावर तो बऱ्याचदा 2-3 टक्क्यांवर येतो. अशा ठिकाणी नेहमी होणारी चूक म्हणजे चर खणून मधे खडी भरायची आणि साइडपट्टी काळ्या मातीचीच ठेवायची. खडीत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, खालची माती फुगते आणि कडा तुटतात. खडी-मुरमाचा खालचा थर पूर्ण रुंदीत गटारापर्यंत न्या. गटाराचा तळ त्या थराच्याही खाली हवा. शेतात गाडी नेण्यासाठी शेतकरी गटार बुजवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण वाटच ठेवलेली नसते. प्रत्येक वाटेखाली 600 मिमीचे सिमेंट नळे अंदाजपत्रकातच मागा. नंतर ते कुणी देत नाही.

काम चालू असताना आडवी दोरी धरा. 3.75 मीटर रुंद डांबरी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे 5 सेंमी उंच हवा. सपाट दिसला तर डांबर पडण्याआधीच शाखा अभियंत्याला लेखी कळवा.