एसटीत बसण्याआधी: खान्देशात तंबाखू नि मोबाइल-जुगार सोडायला मदत कशी शोधावी

तंबाखूची पुडी फोडली की कागद भिरकावून द्यायचा, ही आपली रीत. आज तो उलटून पाहा. तोंडाच्या कॅन्सरच्या फोटोजवळ तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर असतो: १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो छापणं कंपन्यांना सक्तीचं आहे. उपचाराचा पत्ता रोज आपल्या खिशात येतो नि उकिरड्यावर जातो. (गुटख्याच्या पुडीत तो शोधू नका. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. म्हणजे, कागदावर.)

पहिलं काम हा फोन. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून जिल्ह्याला जायचं तर मजुरीचा खाडा पडतो आणि भाडंही लागतं. हा फोन फुकट आहे. घरात रेंज नसेल तर जिथे मिळते तिथे जाऊन लावा आणि मराठीत बोलायचंय म्हणून सांगा. सोमवारी त्यांची सुट्टी असते. दिवसाला किती पुड्या, उठल्यावर किती वेळात पहिली चिमूट, हे विचारतील. खरं सांगा, तिथे ओळखीचं कोणी नसतं. मग सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर ते स्वतःहून फोन करून विचारपूस करतात.

तारीख मात्र शेत बघून ठरवा. कापूस वेचणी किंवा केळीच्या गाड्या भरायचे दिवस नकोत. चहाबरोबर तंबाखूही मालकाकडूनच मिळते, तिथे पहिला आठवडा निभणं कठीण. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट: चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते, तेवढी टाळायची. माझ्या काकांचा हात सवयीनं खिशातल्या डबीकडेच जायचा. काकूनं डबी फेकली नाही. एका बाजूला भाजलेली बडीशेप भरली, चुन्याच्या बाजूला लवंगा. डबी उघडायची, अंगठ्यानं चोळायचं, तोंडात टाकायचं. सगळं तेच, फक्त तंबाखू नाही.

दुसरं, गावातली आशाताई आणि जवळचं आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म त्या भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. बहुतेक घरांत तिथेच खोटं सांगितलं जातं. ‘मी कुठं तंबाखू खाते?’ म्हणणारी सासू सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असते, आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तेही सांगा, तोंड तपासून घ्या. तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा असेल, तर थांबू नका, तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे जा.

एवढ्यानं भागलं नाही तरच जिल्हा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. केस पेपर काढून मानसोपचार विभाग विचारा. ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणून लाजायचं कारण नाही, व्यसनाची औषधं तोच डॉक्टर देतो. जाताना रिकामी पुडी, चालू गोळ्या आणि घरचं एक माणूस बरोबर न्या. दारूही रोजची असेल तर आधी सांगा. ती एकदम तोडली तर झटके येऊ शकतात.

निकोटीनचं दोन मिलिग्रॅमचं च्युइंगगम मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतं. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरला विचारा. लोक ते साध्या गमसारखं चघळतात आणि मग मळमळतं म्हणून सोडून देतात. चार-पाच वेळा हळू चावा, झिणझिण्या आल्या की गालात धरा, चव गेली की पुन्हा चावा; असं अर्धा तास. गालात धरणं तंबाखूवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही! चहानंतर पंधरा मिनिटं थांबा.

आता मोबाइलवरचा जुगार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटायची आपली जुनी चाल. पण आखाजी संपते आणि रमी खिशात चालूच राहते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली, तरी सवय आणि कर्ज जागेवरच आहे. यासाठी टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: १४४१६, दिवसरात्र, मराठीतही. बोलण्याआधी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा; आकडा पाहिला की ‘थोडंफार खेळतो’ म्हणता येत नाही. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या. बायकोला किंवा वडिलांना कर्ज एकदाच, सगळं सांगा. अर्धं सांगितलं तर उरलेलं फेडायला माणूस पुन्हा खेळतो.

व्यसन सोडवणाऱ्या पुड्यांच्या, भिंतीवरच्या ‘रुग्णाच्या नकळत जेवणातून द्या’ जाहिरातींपासून लांब राहा. त्या पुडीत काय आहे हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. खासगी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करायचं असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा, आतल्या माणसाला भेटू देतात का ते विचारा. साखळदंड बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाई आहे.

काकांनी दोनदा सोडून पुन्हा धरली. एकदा तर भाच्याच्या लग्नात, जेवण उरकल्यावर. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी रागावायचं सोडून, शेजारी कोण बसलं होतं, एवढंच विचारलं.