नाव नाही घेतलं तरी गावाला कळतं: या चुका टाळा

"कोणाले सांगजो नको, ताई," म्हणत एखादी बाई आशा ताईजवळ किंवा बचत गटातल्या मैत्रिणीजवळ मन मोकळं करते. मारहाण नाही, पण उठताबसता पाणउतारा, माहेरी फोन करायची बंदी, दहा रुपयांसाठी हात पसरायला लावणं. ऐकणारीचा हेतू चांगलाच असतो. तरी बात फुटते आणि भोगावं तिला लागतं.

नेहमीची चूक म्हणजे नाव गाळलं की झालं, असं समजणं. 'आपल्यातलीच एक आहे, नवरा ट्रॅक्टर चालवते, माहेर आर्वीकडचं' एवढं बोलल्यावर लहान गावात नाव सांगायचं काय उरलं? बैठकीत उदाहरण द्यायचा मोह होतोच. द्यायचंच तर नवऱ्याचा धंदा, माहेर, मुलं किती, सगळं वगळा. कापूस वेचायला जाणाऱ्या ऑटोत तर हा विषयच नको.

दुसरी भानगड फोनची. 'काल काय झालं वो?' असा मेसेज तिच्या आधी सासू वाचते. खुणेचं वाक्य आधीच ठरवून ठेवा. 'ब्लाउजचं माप द्यायला येऊ का?' याला तिने 'ये' म्हटलं तरच पुढे बोला. व्हॉइस मेसेज नकोच, घरात ते मोठ्या आवाजात वाजतात.

तिचे व्हॉट्सॲप मेसेज दुसरीकडे उघडत असतील, तर ते व्हॉट्सॲपमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस' या पर्यायात दिसतं. दिसलं की लगेच काढून टाकायची घाई मात्र करू नका. तिला कळलं हे नवऱ्यालाही कळेल. नाजूक बोलणं तुमच्या फोनवरून करा. १८१ या महिला हेल्पलाइनला केलेला कॉल यादीतून तेवढाच पुसा. सगळी यादी कोरी दिसली की संशय वाढतो. धमकीचे मेसेज मात्र पुसू नका, ते पुरावा आहेत. दुसऱ्या फोनने त्यांचा फोटो काढून भरवशाच्या माणसाकडे ठेवा.

तिला न विचारता प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे नेणं हे तर मला सगळ्यात घातक वाटतं. समेट होतो चारचौघांत, राहायचं तिला त्याच घरात.

बात फुटलीच असेल तर सारवासारव नको. कोणाला काय कळलं, ते तिला आधी सांगा, म्हणजे घरी काय उत्तर द्यायचं याचा विचार तिला करता येईल.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. कलम १६ नुसार दोन्ही पक्षांपैकी एकाने मागणी केली तर सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा. या कायद्याखाली तक्रार घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं तर बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी एसटीत 'काहून निघाल्या?' असं कोणी विचारत नाही.