गोठणबिंदूतील घटीवरून रेणुभार काढताना द्रावक कसा निवडावा

प्रथम विद्राव्यता तपासावी. परीक्षानळीत चिमूटभर पदार्थ द्रावकात विरघळवून नळी थंड करावी आणि द्रावक गोठू लागेपर्यंत पदार्थ विरघळलेलाच राहतो का, हे पाहावे. तो आधीच खाली बसत असेल, तर तो द्रावक तिथेच बाद करावा.

त्यानंतर द्रावकात पदार्थाचे रेणू सुटे राहतात का, याचा विचार करावा. बेंझॉइक आम्लाचा रेणुभार 122 आहे, परंतु बेंझीनमध्ये त्याचे रेणू जोडीजोडीने राहत असल्यामुळे उत्तर 244 च्या जवळ येते. अशा आम्लांसाठी अ‍ॅसिटिक आम्ल हा अधिक योग्य द्रावक आहे. पाण्यात मिठाचे आयन वेगळे होत असल्याने तेथे उत्तर जवळजवळ निम्मे येते.

आता मोलल अवनमन स्थिरांक पाहावा, म्हणजे एक किलो द्रावकात एक मोल (रेणुभाराइतके ग्रॅम) पदार्थ विरघळल्यावर गोठणबिंदू जितके अंश उतरतो तो आकडा, कारण प्रयोगाची अचूकता मुख्यतः त्यावरच ठरते. हा स्थिरांक पाण्यासाठी 1.86, बेंझीनसाठी 5.12, तर सायक्लोहेक्झेनसाठी सुमारे 20 आहे. रेणुभार 128 असलेला पदार्थ 20 ग्रॅम द्रावकात 0.5 ग्रॅम विरघळवला, तर पाण्यात घट जेमतेम 0.36 अंश मिळेल, सायक्लोहेक्झेनमध्ये मात्र ती 3.9 अंश होईल. तापमापी वाचताना 0.1 अंशाची चूक झाली, तर पहिल्या उत्तरात सुमारे 28 टक्के आणि दुसऱ्यात तीन टक्क्यांहून कमी फरक पडेल. नॅप्थॅलीन (रेणुभार 128) पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मी निःसंकोचपणे सायक्लोहेक्झेनच सुचवेन. ते 6.5 अंशांना गोठते, म्हणून त्याला साधे बर्फ-पाणी पुरते. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने जवळ ज्योत नसावी. बेंझीन कर्करोगकारक आहे, ते टाळलेलेच बरे.

कापराचा स्थिरांक 40 च्या आसपास असल्यामुळे अगदी थोड्या पदार्थावरही काम भागते. तथापि तो सुमारे 178 अंशांना वितळतो आणि सहज उडून जातो, म्हणून मिश्रण बंद केशनळीत तापवावे लागते. शिवाय इतके तापमान पदार्थाला सोसले पाहिजे.

शेवटी द्रावकाची शुद्धता पाहावी. अ‍ॅसिटिक आम्ल हवेतील ओलावा शोषते, आणि किलोमागे एक ग्रॅम पाणी मिसळले तरी त्याचा गोठणबिंदू सुमारे 0.2 अंशाने उतरतो. त्यामुळे पुस्तकातील 16.6 हा आकडा न घेता, त्याच बाटलीतील द्रावकाचा गोठणबिंदू त्याच तापमापीने आधी मोजून घ्यावा.