साइटची वही मोबाइलवर आणताना: छोट्या ठेकेदारासाठी

नवा फोन घ्यायला दुकानात जाण्याआधी घरी बसून एक गोष्ट ठरवा: कोणती वही बंद करायची आहे? छोट्या ठेकेदाराकडे साधारण तीन वह्या असतात. हजेरीची, मालाची आणि मापांची. चौथी उधारीची, ती बहुतेकदा मालकाच्या डोक्यातच असते. चारही एकदम मोबाइलवर आणायला निघालेला माणूस पंधरा दिवसांत वैतागतो आणि पुन्हा शर्टाच्या खिशातली डायरी काढतो. म्हणून ज्या वहीवरून सगळ्यात जास्त वाद होतात, ती आधी घ्या. आपल्याकडे ती बहुधा हजेरी आणि उचलीची (मजुराने आगाऊ घेतलेल्या पैशांची) असते.

फोन कोणाच्या हातात

इंजिनिअर दिवसाला दोन-तीन साइट फिरतो. मालक कधी बँकेत, तर कधी सिमेंटच्या दुकानात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत साइटवर असतो तो मुकादम. तेव्हा पद्धत त्याला जमेल अशी बसवायची, संगणक शिकलेल्या पुतण्याला आवडेल अशी नाही. मुकादमाचं लिहिणं-वाचणं कच्चं असलं तरी अडत नाही. फोटो काढणं आणि बोलून नोंद करणं त्याला येतं. गुगलच्या कीबोर्डवर मराठी निवडलं की माइक दाबून बोललेलं टाइप होतं. रोजगार हमीच्या कामांवर २०२३च्या सुरुवातीपासून मोबाइलवर फोटोसह हजेरी सक्तीची झाली, त्यामुळे गावाकडच्या बऱ्याच मजुरांना हा प्रकार नवा नाही. तिथे नेटवर्कने काय हाल केले, तेही त्यांना माहीत आहे.

फोन घेताना

महागडा नको. दहा-पंधरा हजारांचा, मोठ्या बॅटरीचा आणि उन्हात स्क्रीन दिसेल असा पुरतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली स्क्रीन बघून ठरवू नका, रस्त्यावर उन्हात उभं राहून बघा. जाड रबरी कव्हर आणि काच लगेच बसवून घ्या. पॉवर बँक हवीच, कारण नव्या साइटवर लाइटचं मीटर येईपर्यंत चार्जिंगची सोय नसते.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. बहुतेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंत वापरायचा म्हणून सांगतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा सहज ४० ओलांडतो. तापलेल्या सेंट्रिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) पत्र्यावर ठेवलेला फोन आधी चार्ज होणं थांबवतो, मग बंद पडतो. एक डबा किंवा पिशवी सावलीत टांगून ठेवा, फोन तिथेच राहील.

लॉक पिनचा किंवा पॅटर्नचा ठेवा. सिमेंटमध्ये वर्षानुवर्षं हात घातलेल्या गवंड्याच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, बोटाचा ठसा लागत नाही. हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन विकायला कोणी आला, तर हे लक्षात ठेवून त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

गुगलचं खातं धंद्याच्या नावाने उघडा, मुकादमाच्या नव्हे. त्याचा पासवर्ड मालकाकडे आणि घरातल्या आणखी एका माणसाकडे असावा. फुकट मिळणारी जागा १५ जीबी असते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींची मिळून असते. मुकादमाने त्याच फोनवर कीर्तनाचे व्हिडिओ साठवले की ती लवकर भरते.

हजेरी आणि उचल

गुगल शीट्समध्ये एक साधा तक्ता करा: नाव, काम (गवंडी, बिगारी, सळई बांधणारा फिटर), पूर्ण दिवस की अर्धा, उचल, साइट. बस. फाइलच्या तीन टिंबांवर जाऊन ती ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा. मग रेंज नसतानाही नोंद होते आणि रेंज आली की आपोआप वर जाते. हजेरी काम सुरू झाल्यावर तासाभरात घ्यायची आणि अर्धा दिवस करून गेलेल्यांची दुरुस्ती संध्याकाळी करायची.

उचल मात्र संध्याकाळवर ठेवू नका. पैसे हातात देतानाच नोंद करा. यूपीआयने देत असाल तर शेऱ्यात ‘उचल’ किंवा ‘आठवडा’ (म्हणजे आठवड्याचा पगार) असं लिहा, नाहीतर तीन महिन्यांनी कोणता व्यवहार कशाचा हे दोघांनाही आठवत नाही. आणि एक विचारून घ्या: पैसे ज्या नंबरवर जातात तो नंबर खरंच त्या मजुराचा आहे का? बिगारी काम करणाऱ्या बाईचा पगार अनेकदा नवऱ्याच्या फोनवर जातो. तिला रोख हवी असेल तर रोख द्या आणि नोंद तिच्या नावावर करा.

हे सगळं दसऱ्याच्या आत रुळलेलं असावं. बीड आणि आसपासच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या की अर्धी माणसं साइटवरून गळतात आणि जाताना हिशोब मागतात. त्या वेळी फोनवर तारीखवार उचल दाखवता आली तर ‘मालक, एवढी उचल मी घेतलीच नाही’ हे वाक्य निम्म्या वेळा तरी ऐकावं लागत नाही.

मजुराला यात काय मिळतं, तेही त्याला सांगा. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तुमची हजेरी व्यवस्थित असेल तर तो दाखला तुम्ही खात्रीने देऊ शकता. हे कळल्यावर मजूरच मुकादमाला विचारतात, ‘आज माझं मांडलं का?’ त्यांच्या आधार कार्डाचे फोटो मात्र साइटच्या ग्रुपवर टाकू नका.

माल

हजेरी महिनाभर नीट चालली की मगच मालाकडे वळा. नियम एकच: गाडी रिकामी होण्याआधी फोटो. चलन (मालाबरोबर येणारी पावती), गाडीचा नंबर आणि भरलेली ट्रॉली असे तीन फोटो पुरे. वाळू-खडीच्या गाडीची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत घ्या, गुणाकार करा आणि १००ने भागा, ब्रास मिळतो (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). १२ बाय ७ बाय ३ फूट म्हणजे २५२ घनफूट, अर्थात २.५२ ब्रास. हे गणित तक्त्यात एकदाच बसवून ठेवलं की मुकादमाला फक्त तीन आकडे टाकायचे असतात.

सळई जालन्याहून आली काय किंवा गावातल्या दुकानातून, वजनकाट्याच्या पावतीबरोबर नगही मोजा. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा आणि १६२ने भागा, एक मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिमीची १२ मीटरची सळई साधारण १०.६६ किलोची, म्हणजे १०० नग १०६६ किलो. या व्यासाला मानकात ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. फरक त्याहून मोठा असेल तर गाडी उभी असतानाच फोन लावा. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, त्याचाही फोटो घ्या. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरायचं नसतं. पाण्याचा टँकर हाही मालच आहे. उन्हाळ्यात क्युरिंगला (काँक्रीटवर पाणी मारायला) रोज टँकर येतो आणि महिनाअखेरीस टँकरवाल्याच्या खेपा आपल्यापेक्षा नेहमी जास्तच निघतात.

झाकलं जाणारं काम

माझ्या मते फोनची सगळी किंमत इथे वसूल होते. जे काम उद्या मातीत किंवा काँक्रीटमध्ये जाणार आहे, त्याचा फोटो आजच.

आपल्या काळ्या मातीत पाया ठरल्यापेक्षा खोल जातो, मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. वाढीव दीड-दोन फुटांचे पैसे घरमालक देताना कुरकुरतो, कारण खड्डा भरल्यावर त्याला काहीच दिसत नाही. प्रत्येक फुटिंगचा (कॉलमखालच्या पायाचा) फोटो टेप किंवा स्टाफ (आकडे असलेली उंच मोजपट्टी) खड्ड्यात उभा धरून काढा. आकडे वाचता आले पाहिजेत आणि तळाचा मुरूम दिसला पाहिजे. कॉलमचा नंबर खडूने पाटीवर लिहून ती पाटी फोटोत ठेवा. त्याच दिवशी तो घरमालकाला पाठवा, बिलाच्या दिवशी नव्हे.

स्लॅबचंही तसंच. काँक्रीट ओतण्याआधी सळईतलं अंतर टेप लावून, कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीची कडी), खालचे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे तुकडे) आणि लाइटचे पाइप यांचे फोटो घ्या. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाची आठवण असलेल्या लातूर-धाराशिव भागात रिंगा आणि बीमचे फोटो दाखवणाऱ्या ठेकेदाराला वेगळी जाहिरात करावी लागणार नाही. पाइपांचे फोटो तर पाच वर्षांनी भिंतीला ड्रिल मारतानाही कामी येतात.

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान केला जातो आणि त्यातली जागेची व वेळेची माहिती निघून जाते. मूळ फोटो जपायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हमध्ये टाका. फोल्डरचं नाव आधी साइट, मग वर्ष-महिना-दिवस असं द्या, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात.

लेझर मीटर आणि नकाशे

लेझरचं मोजमाप यंत्र एकट्या माणसाला खोली मोजायला छान. चांगल्या यंत्रात दोनेक मिलिमीटरचाच फरक पडतो. पण भर उन्हात लाल ठिपका दिसत नाही, तेव्हा बाहेरच्या कामाला टेपच बरी. नकाशे बघायला फोन लहान पडतो, त्यासाठी एखादा टॅब्लेट परवडतो. त्यात जुना नकाशा राहू देऊ नका. सुधारित नकाशा आला की आधीचा काढूनच टाका, नाहीतर सेंट्रिंगवाला नेमका जुना उघडतो.

जुनी वही कधी मिटायची

पहिला महिना वही आणि फोन दोन्ही चालवा आणि दर आठवड्याच्या पगाराला दोन्हींचा मेळ घाला. फरक आला तर कोणती नोंद खोटी ते मजुरांसमोरच ठरवा. सलग चार पगार जुळले की वही कपाटात ठेवा. दोन्ही कायम चालू ठेवल्या तर मुकादम वहीतच लिहील आणि रात्री पोराकडून फोनवर उतरवून घेईल. मग काम दुप्पट होतं आणि चुका तेवढ्याच राहतात.

मुकादम काम सोडून जातो त्या दिवशी फोन परत घ्या, खात्याचा पासवर्ड बदला आणि ग्रुपमधून त्याचा नंबर काढा. तोच नंबर विटा-वाळूवाल्यांकडे ऑर्डरसाठी दिलेला असतो, म्हणून त्यांना त्याच संध्याकाळी नवा नंबर कळवा.