खाडीसाठी शिडाची होडी घेताना

होडी बघायला जाण्याआधी एक दहा फुटी बांबू घ्या. त्याला दर अर्ध्या फुटावर रंगाची पट्टी मारा आणि ज्या खाडीत फिरायचं आहे तिथे ओहोटीच्या वेळी कोणाच्या तरी वल्ह्याच्या होडीतून चक्कर मारून या. खोली कळेलच, पण बांबूच्या टोकाला काय लागतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाळू असली तर करकर हाताला जाणवते. चिखलात बांबू सहज आत जातो आणि ओढताना सोडत नाही. कातळ किंवा कालवं असली तर टणकन लागतं. उथळ पाण्यात होडी कधी ना कधी टेकणारच. ती कशावर टेकणार, यावर मी होडी ठरवते.

मी मालवणजवळच्या देवबागची. इथे कर्ली नदी समुद्राला समांतर दक्षिणेकडे वाहते, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. संगमाकडे वाळू, वरच्या अंगाला कांदळवनाच्या कडेने चिखल. शीड मी एनसीसीच्या नौदल शाखेत एंटरप्राइज होडीवर शिकले आणि या पाण्यासाठी आजही तशीच होडी सुचवते. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आराखडा केलेली ही होडी चार मीटरच्या जरा वर लांब आहे, दोघांना पुरते आणि तिचा सेंटरबोर्ड खिळीवर फिरतो. शिडाच्या होडीला बाजूला घसरू न देणारी ही फळी. ती जमिनीला लागली की मागे वळून आपोआप वर येते, तुम्हाला फक्त एक धक्का जाणवतो. लेझर या एकट्याने चालवायच्या होडीचा डॅगरबोर्ड, म्हणजे तशीच पण न फिरणारी फळी, मात्र सरळ खाचेत उभा असतो. तो वेगात वाळूला लागला तर होडी जागीच थांबते, माणूस पुढे फेकला जातो आणि खाचेची पेटी तडकू शकते. लेझर सुरेख होडी आहे, पण ती खोल पाण्याची.

मुलांसाठी ऑप्टिमिस्ट घ्या. तिलाही डॅगरबोर्डच असतो, पण ती जेमतेम २.३ मीटर लांब आणि ३५ किलोची, त्यामुळे दणका बेताचा बसतो. होबी १६ या दोन सांगाड्यांच्या होडीला बोर्डच नसतो. ती पुळणीवरून थेट लाटांत घालण्यासाठी बनवलेली आहे आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावर मजा देते. अरुंद खाडीत मात्र तिला वाऱ्यासमोरून वळवणं जड जातं आणि अर्धं पात्र वळण्यातच संपतं.

जुनी होडी घेत असाल तर ती उलटी करून बघा. तळाच्या मधल्या रेषेवर धातूची पट्टी आहे का? कालवांवर एकदा घासली तरी फायबरचा वरचा थर निघतो आणि आतला धागा पाणी पितो. बोर्ड वर-खाली करून पाहा. पेटीत खडा अडकला तर तो हलत नाही, आणि हे पाण्यात गेल्यावर कळून उपयोग नाही. सुकाणूचं पातंही वर उचलता येणारं हवं, आणि त्याला खाली धरणारी दोरी अशी हवी की दणका बसताच सुटेल. पातं अर्धवट वर राहिलं की सुकाणूचा दांडा एकदम जड लागतो, कारण पाण्याचा दाब आसापासून लांब मागे पडतो. दांडा अचानक जड झाला तर आधी मागे वळून पातं बघा.

आता भरती. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ येते, हा हिशोब किनाऱ्यावर अनेकांना पाठ असतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. मुंबईकडे तो बराच जुळतो, दक्षिणेला भरती थोडी आधी येते आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो. म्हणून आपल्या धक्क्यावर स्वतः बघून फरक टिपून ठेवा. पाणी सुमारे सहा तासांत चढतं, पण सारख्या वेगाने नाही: मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी येतं किंवा जातं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी.

निघायचं ते अर्धी भरती झाल्यावर. टेकलात तर पाणीच उचलतं. उलट, उधाणाच्या ऐन भरतीला काठावर रुतलात तर पुढच्या उधाणापर्यंत होडी तिथेच राहू शकते.

आमच्याकडे सकाळचा मतलई वारा पडला की दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा येतो. तेव्हा मी आधी नदीच्या वरच्या अंगाला जाते: वारा तिरका समोरून, पण भरतीचा ओढा सोबत. परतताना वारा मागून, आणि भरती संपत आलेली. पूर्ण भरती पाहून घराकडे वळायचं. ओहोटी जोरात असताना संगमाकडे जाऊ नका. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा भिडले की मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर उभ्या लाटा फुटतात.

शक्यतो ज्या काठावरून वारा येतो त्या काठाच्या जवळ राहा. तिथे रुतलात तर वारा तुम्हाला खोलात ढकलतो. पलीकडच्या काठावर तोच वारा चिखलात दाबून धरतो. माडांच्या आडोशाला झोत अधूनमधून येतात, म्हणून शिडाची दोरी हातातच ठेवा, बांधू नका.

वाऱ्याकडे चढताना बोर्ड पूर्ण खाली, वारा बाजूने असताना अर्धा, मागून असताना जवळजवळ वर. वर चढताना बोर्ड टेकला की लगेच वळा; वेग असेपर्यंतच वळता येतं. वेग गेला असेल तर शीड सैल सोडा, बोर्ड वर घ्या आणि बांबूने ढकला. खाली उतरण्याआधी बांबूने तळ तपासा, पायात पट्ट्याचे बूट असू द्या. वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चला. पाकट वाळूत दडून बसतं. पायाची चाहूल लागली तर निघून जातं, पाय वर पडला तर नांगी मारतं.

होडी कलंडली तर उथळ पाण्यात डोलकाठीचं टोक चिखलात घुसतं. जोर लावून उठवायला गेलात तर काठी वाकेल. आधी पोहत नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे फिरवा, मग बोर्डावर वजन टाका. काठीच्या टोकाला हवाबंद फुगा बांधला तर हा प्रसंग बहुधा टळतो. लाइफ जॅकेट दोघांनीही घालायचंच, पाणी कमरेएवढं असलं तरी. आणि अॅल्युमिनियमची काठी असेल तर खाडीवरून जाणाऱ्या विजेच्या तारांखालून उधाणाच्या भरतीला मुळीच जाऊ नका. पाणी चढलं तेवढी काठी तारेजवळ गेलेली असते.

जाळ्यांचे खुंट आणि बोयरे, म्हणजे जाळ्यांच्या खुणेचे तरंगते गोळे, लांबून टाळा. ते कोणाचं तरी पोट आहे. गुंतलात तर दोरी कापू नका, बोर्ड आणि सुकाणू वर घेऊन वल्ह्याने बाहेर पडा.

पावसाळ्यात होडी माडाखाली उलटी ठेवा. नंतर पहिल्यांदा उतरवण्याआधी बांबू घेऊन पुन्हा सगळं पात्र फिरून या, कारण पुराने दांडे सरकतात आणि वाळू उपसली असेल तिथे खड्डे पडलेले असतात. नांगराची दोरी आत्ताच्या खोलीवर कापू नका; भरतीला असेल त्या खोलीच्या पाचपट घ्या आणि नांगराजवळ दोन मीटर साखळी लावा.