साहेबांनी पैसे मागितले तर काय करायचं

लालबागला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. परवान्याच्या कामासाठी एका कार्यालयातल्या माणसाने माझ्याकडे ८,००० रुपये मागितले. "वरपर्यंत द्यावे लागतात, ताई," म्हणाला. दोन रात्री मला झोप नव्हती. मग जे केलं ते सांगते.

पैसे मागितल्यावर तिथल्या तिथे भांडू नका. "जमवते, दोन दिवस द्या," एवढंच बोला. घरी आल्या आल्या तारीख, वेळ आणि त्याचे नेमके शब्द वहीत लिहा. अर्जाची पोचपावती सांभाळा, काम अडवलंय हे त्यावरूनच दिसतं.

मग १०६४ ला फोन करा. हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर; मुख्यालय वरळीला आहे. मागणारा केंद्र सरकारचा कर्मचारी असेल तर सीबीआयकडे जा.

तक्रार दिली की लगेच सापळा, म्हणजे पैसे घेताना रंगेहाथ पकडणं, लागत नाही, आधी पडताळणी होते. तुमच्याजवळ रेकॉर्डर देतात, सोबत पंच, म्हणजे त्रयस्थ साक्षीदार, येतो आणि तुम्ही त्या माणसाशी पुन्हा बोलायचं. इथेच घाई नडते. आकडा आपल्या तोंडून काढू नका. "साहेब, माझ्या कामाचं काय?" असं विचारा आणि गप्प बसा. त्याला बोलू द्या. मागणी त्याने केली हे सिद्ध झालं नाही, तर नुसत्या नोटा सापडून कोर्टात केस टिकत नाही. मी घासाघीस केली, तो ६,००० वर आला, तेही रेकॉर्ड झालं.

सापळ्याच्या दिवशी नोटांचे नंबर लिहून घेतात आणि त्यांना पावडर लावतात. साध्या डोळ्यांना दिसत नाही, अतिनील दिव्याखाली चमकते. त्याने मागितल्याशिवाय नोटांना हात लावू नका, त्याच्याशी हस्तांदोलन करू नका, पाकीट टेबलावर ठेवून निघू नका. "बाहेर पानवाल्याकडे द्या," म्हणाला तर ते पंचाला ऐकू गेलं पाहिजे. त्याच्या वतीने पैसे घेणाराही आरोपी होतो. पैसे घेतल्यावर इशारा द्यायचा. माझा इशारा पदर डोक्यावर घेण्याचा होता. हात इतके थरथरत होते की पदर दोनदा निसटला.

आपल्या नोटा पुरावा म्हणून जप्त होतात, पण तेवढी रक्कम विभाग परत करतो.

नाइलाजाने पैसे आधीच दिले असतील तरी उशीर करू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र जबरदस्तीने द्यावे लागले असतील आणि सात दिवसांच्या आत कळवलंत, तर तो गुन्हा धरत नाहीत. विभागाला सांगून सापळ्यात दिलेल्या पैशांचाही दोष लागत नाही.

साक्षीला बोलावणं कधीकधी काही वर्षांनी येतं. ती वही तोपर्यंत फेकू नका. माझी अजून देव्हाऱ्याखालच्या कपाटात आहे.